हजार रुपये भर आणि मोकळी हो

सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी चालवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद होते, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातली कैद कुणीच लक्षात ठेवत नाही. हजाराचा आकडा मात्र माझ्यावर गुन्हा दाखल झाल्या दिवसापासून सगळ्यांनी मला प्रेमाने ऐकवला. शेजारच्या काकूंनी, बाबांच्या बँकेतल्या मित्रांनी, पोलीस ठाण्यातल्या कारकुनाने, मुन्शीजींनीसुद्धा. कबूल करायचं, हजार भरायचे, घरी येऊन जेवायचं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत नुकतीच लागले होते, आणि हा सल्ला मलाही फार शहाणपणाचा वाटत होता.

घटना एवढीच. ऑक्टोबर २०२४, दिवाळीच्या आधीचे दिवस, संध्याकाळची वेळ. बाबांची जुनी गाडी घेऊन मी अन्नपूर्णा रोडने राजेंद्रनगरला घरी येत होते. डाव्या बाजूला एक ई-रिक्षा सवारी घ्यायला थांबली होती. तिच्या पुढून एक सायकल रस्ता ओलांडायला निघाली आणि माझ्या बंपरला धडकली, की माझा बंपर तिला धडकला, यावरच पुढचं सगळं प्रकरण चाललं. सायकलवर सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ, बाबाजी, होते, जवळच्याच एका मॅरेज गार्डनमध्ये रात्रपाळीची चौकीदारी करणारे. गर्दी जमली. "लड़की चला रही थी" हे वाक्य मी पहिल्याच मिनिटात ऐकलं, आणि त्यानंतर माझ्या वेगाविषयी कुणाला काही विचारायची गरज उरली नाही.

दोन मुलांनी बाबाजींना उचलून माझ्याच गाडीत घातलं आणि आम्ही एमवायला, म्हणजे सरकारी इस्पितळात, गेलो. अपघातानंतर जखमीला उपचार मिळवून देणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने चालकावर बंधनकारक आहे, हे मला नंतर कळलं. त्या कलमात जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर सूट आहे. कायदा लिहिणाऱ्यांना आपले रस्ते चांगले ठाऊक होते म्हणायचे.

एमवायमध्ये डॉक्टरांनी एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, केली, म्हणजे प्रकरण आपोआप पोलिसांकडे गेलं. रात्र झाली होती आणि मी मुलगी, तेव्हा मला सकाळी ठाण्यात यायला सांगून घरी पाठवलं. सकाळी बाबांच्या जामिनावर मुचलका लिहून घेऊन सोडलं. माझ्यावर लागलेली दोन्ही कलमं, २८१ आणि दुखापतीचं १२५(अ), जमानती होती. दुपारी एफआयआरची प्रत मिळाली. त्यात माझी गाडी "तेज गति एवं लापरवाहीपूर्वक" चालवून टक्कर मारल्याचं लिहिलं होतं. नंतर कोर्टाच्या व्हरांड्यात वेळ घालवताना मी इतरांच्या फायली डोकावून पाहिल्या. ट्रकवाला असो, दूधवाला असो, बुलेटवरचा पोरगा असो, प्रत्येक एफआयआरमध्ये हेच चार शब्द याच क्रमाने होते. माझा वेग कुणी मोजला नव्हता. मोजायची पद्धतच नाही. पण कागदावर तो "तेज" ठरला होता, आणि तो तसा नव्हता हे दाखवायचं काम आता माझ्याकडे आलं होतं.

त्याच संध्याकाळी घरी आत्याचे यजमान आले आणि त्यांनी वेगळाच उपाय काढला. गाडी बाबांच्या नावावर आहे, बाबा निवृत्त आहेत, त्यांना ना पासपोर्ट काढायचाय ना नोकरी करायचीय. गाडी तेच चालवत होते असं सांगायचं. मुलीचं लग्न व्हायचंय, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बाबा गप्प बसले, आणि त्यांच्या त्या गप्प बसण्याचीच मला भीती वाटली, कारण ते विचार करत होते. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ ची नोटीस दिली. गाडीच्या मालकाने त्या वेळी चालक कोण होतं हे लेखी सांगायचं असतं. बाबांनी माझं नाव लिहिलं, खाली सही केली. आत्याच्या यजमानांनी पुढे बरेच दिवस आमच्याकडे चहा घेतला नाही.

वकील आम्हाला रामबागेतले मिळाले, बाबांच्या शाळेतले. त्यांना सगळे वकीलकाका म्हणतात. पण खरं काम त्यांच्या ज्युनिअरने केलं, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. मी तिला ताई म्हणायचे. ताईने पहिल्या भेटीत कायद्याचं काहीच सांगितलं नाही. तिने विचारलं, "तिथे समोर कुठली दुकानं आहेत?" मी म्हटलं, मेडिकल आहे, नमकीनचं आहे. "मग इथे काय बसलीस? जा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी स्वतःच पुसलं जातं."

नमकीनवाल्याच्या कॅमेऱ्याचं तोंड गल्ल्याकडे होतं. मेडिकलवाल्याचं रस्त्याकडे होतं, पण तो आधी तयार होईना. त्याला कोर्टात साक्षीला बोलावतील याची धास्ती, आणि ती खोटी नव्हती. शेवटी आईने त्याच्याशी बोलून बघितलं. ती त्याच्याकडून वर्षानुवर्षं ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेते. तेव्हा तो म्हणाला, "आंटी, ले जाओ." पेन ड्राइव्हवर क्लिप घेतली म्हणजे झालं असं मला वाटलं होतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीला प्रमाणपत्र लागतं आणि त्याचे दोन भाग असतात. एक ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्याने द्यायचा, दुसरा जाणकार तज्ज्ञाने. शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे नंतर क्लिपमध्ये कुणी एक सेकंदही इकडचा तिकडे केला तर उघडं पडावं. मी आयटीतली असून हॅशचा असा उपयोग मला एका काळ्या कोटातल्या बाईने शिकवला.

क्लिप बघितली आणि घरातल्यांना वाटलं तसं काही झालं नाही. तिच्यात मी निर्दोष दिसत नव्हते, दोषीही दिसत नव्हते. ई-रिक्षा उभी आहे, तिच्या पुढून सायकलचं चाक येतं, माझ्या गाडीचे ब्रेकचे लाल दिवे लागतात, आणि लगेच बाबाजी खाली. त्या रिक्षाच्या आडून ना मला ते दिसू शकत होते, ना मी त्यांना. वकीलकाका म्हणाले, "एवढं पुरे."

गाडी ठाण्याच्या आवारात उभी होती. मेकॅनिकने तिची तपासणी केली, ब्रेक ठीक असल्याचा अहवाल दिला, मग गाडी परत ताब्यात मिळावी म्हणून सुपुर्दनाम्याचा अर्ज, आरसी, विमा, पीयूसीच्या प्रती, मॅजिस्ट्रेटचा आदेश, आणि गाडी घरी. यात त्रास होता, पण सांगण्यासारखं काही नाही. विम्याचे कागद चालू होते ही एकच गोष्ट इथे महत्त्वाची, आणि तिचं श्रेय बाबांच्या वहीत तारखा लिहून ठेवण्याच्या सवयीला.

मग एक्स-रेचा अहवाल आला. नडगीचं हाड मोडलं होतं. हाड मोडणं किंवा सरकणं ही कायद्याने "गंभीर दुखापत" असते, मग ते मांडीचं असो की करंगळीचं. तोवर माझ्यावर २८१ आणि १२५(अ) होतं. आता १२५(अ) चं १२५(ब) झालं. मुन्शीजींनी फोनवर सांगितलं, "धारा बढ़ गई है, मैडम." जुन्या दंड संहितेत याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, नव्या संहितेत तीन वर्षांपर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत. दोन वर्षांच्या वर शिक्षा गेली की खटल्याची जातच बदलते. समन्स केसची वॉरंट केस होते, रीतसर आरोप निश्चित करावा लागतो. हजारवाले सल्लागार यावर जरा शांत झाले. त्यात पोलिसांनी मोटार वाहन कायद्याचं १८४ ही जोडलं होतं, धोकादायक रीतीने वाहन चालवण्याचं.

आमच्याकडे कोर्टात आरोपपत्र दाखल होण्याला "चालान पेश होणं" म्हणतात. चालान पेश झालं त्या दिवशी मला हजर राहून पुन्हा जामीन द्यायचा होता, कारण ठाण्यातला जामीन ठाण्यापुरता. महात्मा गांधी मार्गावरच्या जिल्हा न्यायालयात मी त्याआधी कधी गेले नव्हते. आत शिरताच टायपिंगवाले, स्टॅम्पवाले, फोटोकॉपीवाले, आणि "जमानतदार चाहिए क्या?" असं हळूच विचारणारी माणसं. आम्हाला नको होता. मामा देवासहून आला होता, त्याची शेती आहे, आणि आमच्या भागात जामीन राहायला ऋण पुस्तिका, म्हणजे जमिनीचं खातेपुस्तक, लागते. माळव्यात तिला सगळे पावतीच म्हणतात. मामाने ती सदऱ्याच्या आत, बंडीच्या खिशात ठेवली होती. रीडरने, म्हणजे कोर्टातल्या कारकुनाने, ती उघडून माझ्या जामिनाची नोंद तिच्यावर केली, म्हणजे त्याच जमिनीवर दुसऱ्या कुणाचा जामीन सहज द्यायला नको. मामा ती नोंद बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, "तुझं नाव आमच्या शेताच्या कागदावर आलं बघ. तुझ्या आजोबांनी आईचं कधी येऊ दिलं नव्हतं." आई हे ऐकून हसली नाही.

पेशी, म्हणजे तारखेला कोर्टात हजर होणं, हे बहुतेक वेळा नुसतं थांबणं. पुकारा झाला की आत जायचं, हात जोडून उभं राहायचं, तारीख घ्यायची. ऑफिसात मी प्रत्येक वेळी वेगळं कारण सांगायचे, शेवटी टीम लीडला खरं सांगून टाकलं. तो बिचारा म्हणाला, "अरे, भर के ख़त्म कर ना." तिथेही हजार रुपये. ज्या दिवशी यायला जमणार नाही त्या दिवशी वकिलाने हाजिरी माफीचा अर्ज द्यायचा, नाहीतर वॉरंट. माझ्या शेजारी बसणारा एक दूधवाला तसा अर्ज न देता गावी गेला होता. त्याला पुढच्या वेळी पोलिसांबरोबर येताना पाहिलं.

कबुलीचं नेमकं काय होतं हे ताईने मला फोटोकॉपीच्या दुकानात रांगेत उभं असताना समजावलं. ती म्हणाली, "तू दंड भरतेस तेव्हा पावती मिळते असं तुला वाटतं. पावती मिळतेच. पण तिच्याबरोबर दोषसिद्धीही मिळते. वाहतूक पोलिसाला सिग्नलवर भरलेले पैसे आणि मॅजिस्ट्रेटपुढे गुन्हा कबूल करून भरलेले पैसे एकाच रकमेचे असले तरी एक नाहीत." दोषी ठरवताना न्यायालय लायसन्ससाठी काही काळ अपात्रही ठरवू शकतं. नोकरीच्या, पोलीस पडताळणीच्या फॉर्मात "कधी दोषी ठरला आहात का" या प्रश्नाला जन्मभर हो लिहायचं. मी विचारलं, पहिलाच गुन्हा म्हणून समज देऊन सोडत नाहीत का? सोडतात. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात कलम ३ खाली नुसती ताकीद देता येते, आणि कलम १२ म्हणतं की अशा दोषसिद्धीमुळे कुठली अपात्रता चिकटणार नाही. पण त्यासाठी आधी दोषी ठरावं लागतं. ताई म्हणाली, "तुझ्या हातून झालं असेल तर कबूल कर, मी स्वतः अर्ज लिहिते. घाईने घरी जायचंय म्हणून कबूल करू नकोस."

माझ्या हातून झालं होतं का? यावर मी रात्री-रात्री विचार केला आहे. मी तिथे होते, गाडी माझ्या हातात होती आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या पायात आता सळई आहे, हे सगळं खरं. बेदरकारपणा मात्र वेगळी गोष्ट आहे. ताईने मला सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा कर्नाटकातल्या एका ट्रकचा निकाल दाखवला होता. गाडी "हाय स्पीड"ने होती एवढं साक्षीदाराने म्हटलं म्हणून बेदरकारपणा सिद्ध होत नाही, वेग ही सापेक्ष गोष्ट आहे, असं त्यात आहे. मला तो निकाल बरोबर वाटला, आणि आपल्या सोयीचा असल्यामुळे बरोबर वाटतोय का अशी शंकाही आली. ती शंका अजून पुरती गेलेली नाही.

बाबाजींना भेटायला जायचं की नाही यावर वकीलकाकांनी आधी हात वर केले. फरियादीला भेटून साक्ष फिरवली असा आरोप व्हायला वेळ लागत नाही. पुढे त्यांच्या मुलानेच ताईला फोन केला, त्याला नुकसानभरपाईच्या दाव्याविषयी विचारायचं होतं. मग त्याच्या वकिलासमोर, त्यांच्या द्वारकापुरीच्या घरी, आम्ही भेटलो. खाटेवर पाय लांब करून बसलेले बाबाजी पूर्वी हुकुमचंद मिलमध्ये होते, साच्यावर, म्हणजे मागावर. ती मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मी सात-आठ महिन्यांत पेश्यांनी थकले होते. ते म्हणाले, "बेटा, हमने बत्तीस साल पेशी देखी है. साथ वाले कितने तो पैसा देखे बिना चले गए." मिलचे पैसे आले तरी ते चौकीदारीला का जात होते हे विचारायचं माझ्या ओठावर आलं, पण मी विचारलं नाही. मुलाने नंतर सांगितलं की त्यांना घरी बसवत नाही.

त्यांचा राग माझ्यावर नव्हता, रिक्षावाल्यावर होता. तो जागेवरून निघून गेला होता आणि कुठल्याच कागदात नव्हता. मुलाचा राग खर्चावर होता. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी दीड लाखापर्यंतच्या कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये आली, यांचा अपघात त्याच्या आधीचा. नुकसानभरपाईचा दावा त्यांनी सहा महिन्यांच्या मुदतीत ट्रिब्युनलमध्ये लावलेला होता, त्यात मी, बाबा आणि विमा कंपनी असे तिघे सामनेवाले. लोकांना वाटतं हा दावा आणि फौजदारी खटला एकच. तसं नाही. तिथे भरपाई विमा कंपनी देते आणि पुरावाही तितका कडक लागत नाही. एकीकडे मी सुटले म्हणून बाबाजींची भरपाई बुडणार नव्हती, आणि हे कळल्यावर मुलाचा सूर बदलला.

राष्ट्रीय लोक अदालतीच्या दिवशी न्यायालयात जत्रा असते. विजेची बिलं, बँकेची थकबाकी, नवरा-बायको, सगळे एका मांडवात. १२५(ब) मध्ये न्यायालयाच्या परवानगीने जखमी व्यक्ती तडजोड करू शकते. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी बाबाजींना तीन-तीनदा विचारलं की कुणाचा दबाव नाही ना, पैसे कबूल केलेत का. त्यांनी अंगठा न लावता सही केली, वळणदार. तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच असतो, तेव्हा ते कलम संपलं.

२८१ संपलं नाही. ते तडजोडीला पात्र नाही, कारण तो गुन्हा एका माणसाविरुद्ध नाही, रस्त्यावरच्या सगळ्यांविरुद्ध आहे. हायकोर्टात जाऊन रद्द करून घेता येतं. त्याचं इंदूरचं खंडपीठही एमजी रोडवरच आहे, पण त्याची फी निराळी. आणि मोठं कलम गेल्यावर हजार रुपयेवाले पुन्हा जागे झाले. या वेळी खुद्द रीडर म्हणाला, "अब बचा ही क्या है, आज ही निपटा दो." बाबांनी खरंच पाकीट काढलं होतं. मी त्यांचा हात धरला नाही वगैरे, एवढंच म्हणाले की मला साक्ष ऐकायची आहे.

साक्ष ऐकली. बाबाजी कुबडी घेऊन कठड्यात आले. सरकारी वकिलांनी गाडी तेज होती का विचारलं. ते म्हणाले, गाडी मी पाहिलीच नाही, रिक्षाच्या पुढून निघालो होतो. दुसरा साक्षीदार, एक पानवाला, म्हणाला, तेज होती. वकीलकाकांनी विचारलं, किती? तो म्हणाला, आवाज जोरात आला. म्हणजे आवाज ऐकून पाहिलं? "हाँ साब." मौका नकाशात, म्हणजे पोलिसांनी काढलेल्या घटनास्थळाच्या आराखड्यात, रिक्षा काढलेलीच नव्हती, तपास अधिकाऱ्याने ते मान्य केलं. मेडिकलवाला आला, घाबरत, प्रमाणपत्रावरची आपली सही ओळखून गेला. माझं निवेदन झालं, प्रश्न-उत्तरांत, हिंदीत. मी मराठीत विचार करून हिंदीत बोलत होते आणि टायपिस्ट ते त्याच्या हिंदीत लिहीत होता. वाचून दाखवलं तेव्हा मला माझीच उत्तरं अनोळखी वाटली, पण चूक काही नव्हतं.

निकाल दोन मिनिटांत झाला. अभियोजन संशयापलीकडे सिद्ध करू शकलं नाही, २८१ आणि १८४ दोन्हींतून दोषमुक्त. सुटल्यावरही एक बंधपत्र लागतं, वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहीन असं, सहा महिन्यांचं. मामाला देवासहून पुन्हा पावती घेऊन यावं लागलं.

पासपोर्टचा अर्ज मी मधल्या काळात अडकवून ठेवला होता, कारण फौजदारी प्रकरण चालू असताना न्यायालयाची परवानगी लागते. आता तो पुढे सरकला. बाबाजींचा दावा पुढच्या लोक अदालतीत विमा कंपनीने मिटवला. रक्कम मुलाला कमी वाटली, बाबाजींना पुरेशी वाटली. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी नकल शाखेत अर्ज केला आणि तिच्या चार प्रती काढून ठेवल्या. नव्या कंपनीच्या फॉर्मात दोन वेगळे प्रश्न होते, कधी दोषी ठरलात का आणि कधी गुन्हा दाखल झाला होता का. पहिल्यापुढे "नाही" लिहिलं, दुसऱ्यापुढे "हो", आणि नकल जोडली. एचआरच्या बाईंनी फोन करून विचारलं, "ये रैश ड्राइविंग वाला क्या है?" मी सांगायला लागले. अर्ध्यात त्या म्हणाल्या, "अच्छा, अच्छा. हमारे भाई का भी चल रहा है. उसको तो सब कह रहे हैं, हज़ार रुपए भर दे."

मी त्यांना ताईचा नंबर दिला.